नळी, धांडा आणि चिकटपट्टी: हिवाळ्याच्या दुपारी करायचे स्थितिक विजेचे प्रयोग

घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, एवढं दाखवून स्थितिक विजेचा धडा संपवणं मला पटत नाही. सातवीच्या विज्ञानात हा विषय येतो. मुलं कंगवा डोक्यावर घासतात, कपटे उडतात, वर्गात गलका होतो आणि पुढचा धडा सुरू होतो. पण कपटा चिकटला यावरून कपट्यावर प्रभार होता की नव्हता, कंगव्यावर कोणत्या प्रकारचा होता, यातलं काहीच ठरत नाही. प्रभारित वस्तू साध्या, प्रभार नसलेल्या वस्तूलाही ओढते. वस्तू एकमेकींना दूर ढकलू लागल्या की मात्र दोन्हींवर प्रभार आहे आणि तो एकाच प्रकारचा आहे, हे नक्की होतं. खाली दिलेले प्रयोग त्या ढकलण्यापर्यंत नेणारे आहेत. सामान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात, स्वयंपाकघरात आणि वावरात मिळतं.

आधी वेळ साधा

या बाबतीत विदर्भासारखी जागा नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट ऐकू येते. तेच प्रयोग कोकणातल्या शाळेत करायला गेलात तर घाम निघेल. प्रयोगाला बसा ते सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात. पहाटे दव असतं, वस्तूंवर न दिसणारा ओलावा बसलेला असतो. एप्रिल-मे महिनेही चांगले, कारण हवा आणखी कोरडी असते. फक्त कूलर चालू असलेल्या खोलीत बसू नका, ओसरीत या. जून ते सप्टेंबर हा नाद सोडून द्या.

दमट हवेतून प्रभार 'उडून जातो' असं सर्रास सांगितलं जातं, पण मुख्य गळती हवेतून होत नाही. दमट दिवसात नळी, दोरा, काच या सगळ्यांवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो. त्यात हाताच्या घामातले आणि धुळीतले क्षार विरघळतात आणि त्या थरावरून प्रभार वाहून तुमच्या हातात, तिथून जमिनीत जातो. म्हणून प्रयोग फसला तर हवेला दोष देण्याआधी वस्तू धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून पाहा. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं.

सामान

मुख्य वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक फिटिंगची पांढरी पीव्हीसी नळी, हात-दीड हात लांबीचे दोन तुकडे. घराच्या वायरिंगनंतर असे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतातच. साबणाने धुवा, वाळवा आणि एका टोकाला खडूने खूण करा. खुणेकडून धरायचं, दुसरीकडून घासायचं, हे कायम पाळा.

घासायला लोकर हवी. जुनी घोंगडी उत्तम. स्वेटर घेणार असाल तर तो खरंच लोकरीचा आहे का ते पाहा, कारण बाजारातले बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे असतात आणि त्यांचं वागणं वेगळं. ओळखण्यासाठी एक धागा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने पेटवावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची चुरचुरीत राख होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. लोकर मिळालीच नाही तर कोरड्या केसांवर नळी घासा, पण डोक्याला तेल लावलेलं नको. आपल्याकडे शाळेत येणाऱ्या लेकराचं डोकं बिनतेलाचं सापडणं अवघड, तेव्हा घोंगडीच बरी.

याशिवाय पारदर्शक चिकटपट्टी, नायलॉनचा बारीक दोरा, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल, प्लास्टिकचं झाकण असलेली काचेची बरणी, घरगुती वायरिंगच्या तांब्याच्या एकेरी तारेचा वीतभर तुकडा, थर्माकोलचा इंचभर जाड तुकडा आणि स्टीलची सपाट ताटली. आणि ज्वारीचा धांडा. कडब्यातून एक जाडसर, वाळलेला धांडा घ्या, वरची साल काढा. आत जो पांढरा, हलका गर असतो, ज्याच्या बैलजोड्या आणि बंड्या लेकरं करतात, तोच आपल्याला हवा. प्रयोगशाळेत अशाच हलक्या वनस्पतीगराच्या गोळ्या वापरण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे तो गर गोठ्यात पडलेला असतो.

पहिला प्रयोग: ओढणं, शिवणं, ढकलणं

धांड्याच्या गराचा ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा गोळा करा. त्यावर फॉइलचा एकेरी पापुद्रा घट्ट बसवा. नायलॉनच्या दोऱ्याने तो खुर्चीच्या पाठीला असा टांगा की चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी राहील. दोरा सुती नको, सुती दोरा ओलावा धरतो आणि प्रभार गळून जातो.

आता नळी घोंगडीत धरून एकाच दिशेने जोरात, भरभर ओढा. दहा-बारा वेळा पुरे. कानाजवळ नेलीत तर बारीक तडतड ऐकू येईल, हाताच्या लवेजवळ नेलीत तर जाळं अंगावरून गेल्यासारखं वाटेल. नळी हळूहळू गोळ्याजवळ न्या. गोळा झेप घेऊन नळीला शिवतो, क्षणभर चिकटतो आणि मग ताडकन दूर होतो. त्यानंतर नळी जिकडे न्याल तिकडून तो पळ काढतो. हे पाहिल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी ओरडली होती, "मॅडम, हे त पयते!" तेच तर पाहायचं आहे.

घडलं ते असं. नळीवर जादा इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे ती ऋण आहे. ती जवळ आल्यावर गोळ्यावरच्या फॉइलमधले इलेक्ट्रॉन पलीकडच्या बाजूला सरकले आणि अलीकडची बाजू धन झाली. जवळची बाजू जास्त जोराने ओढली जाते, लांबची कमी जोराने ढकलली जाते, म्हणून एकूण गोळा ओढला गेला. तोपर्यंत त्याच्याकडे स्वतःचा जादा प्रभार काहीच नव्हता. शिवल्यावर नळीवरचे थोडे इलेक्ट्रॉन त्याच्यावर आले, दोघं ऋण झाले आणि ढकलाढकली सुरू झाली. मुलांना हा क्रम वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा. कपटेही असेच वागतात, थोडा वेळ चिकटून मग उडून पडतात, पण घाईत ते कोणी पाहत नाही.

गोळा नुसता ओढलाच जात असेल आणि पळत नसेल तर दोरा तपासा. बोटाने वारंवार हाताळलेला दोरा घामट झालेला असतो.

दुसरा प्रयोग: न घासता प्रभार

'घर्षणाने वीज निर्माण होते' हे वाक्य पाठ असलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग करावा. इथे घासणं नाहीच.

टेबलावर चिकटपट्टीचा एक लांब पट्टा चिकटवा आणि तो तसाच राहू द्या. त्यावर वीतभर लांबीची दुसरी पट्टी चिकटवा. तिचं एक टोक दुमडून शेंडी करा आणि शेंडीवर पेनने 'खा' लिहा, म्हणजे खालची. तिच्यावर तेवढीच तिसरी पट्टी, तिच्या शेंडीवर 'व', म्हणजे वरची. अशीच दुसरी जोडी शेजारी करा.

आता एक जोडी एकत्रच, सावकाश, खालच्या पट्ट्यावरून उचला. तिच्या दोन्ही बाजूंवरून बोट अलगद फिरवा आणि हाताजवळ धरून पाहा. ती हाताकडे ओढली जात असेल तर पुन्हा बोट फिरवा. ओढणं थांबलं म्हणजे जोडीवर एकूण प्रभार उरला नाही. मग दोन्ही शेंड्या धरून 'व' आणि 'खा' झटक्यात वेगळ्या करा आणि टेबलाच्या कडेला एकमेकींपासून लांब लोंबकळत ठेवा. दुसऱ्या जोडीचंही असंच करा.

आता चार पट्ट्या झाल्या. 'व' जवळ दुसरी 'व' आणा, गुळगुळीत पाठी समोरासमोर ठेवून. दोघी फाकतात. 'खा' आणि 'खा' याही फाकतात. 'व' आणि 'खा' मात्र झेपावून चिकटतात. म्हणजे प्रभाराचे दोन प्रकार आहेत, आणि तुम्ही दोन्ही प्रकारांचं ढकलणं डोळ्यांनी पाहिलंत. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल द्यु फे याने १७३३ मध्ये हाच निष्कर्ष काढला होता. त्याने एका प्रकाराला काचेचं नाव दिलं, दुसऱ्याला राळेचं. धन आणि ऋण ही नावं नंतर बेंजामिन फ्रँकलिनमुळे रूढ झाली. इलेक्ट्रॉन सापडायला १८९७ साल उजाडलं. तोवर नावं पक्की झाली होती आणि इलेक्ट्रॉनच्या वाट्याला 'ऋण' आलं.

कोणती पट्टी ऋण, ते कंपनीप्रमाणे आणि डिंकाप्रमाणे बदलतं, म्हणून माझ्याकडून उत्तर घेऊ नका. लोकरीने घासलेली पीव्हीसी नळी ऋण असते, हे भरवशाचं आहे. ती पट्टीजवळ हळूहळू न्या. जी पट्टी नळीपासून दूर पळेल ती ऋण, आणि मग तिची जोडीदार धन. नळीकडे ओढली गेलेली पट्टी धन असेलच असं नाही, तिच्यावरचा प्रभार गळून गेला असला तरी ती ओढली जाईल. निकाल नेहमी पळणाऱ्या पट्टीवरून द्यावा.

वेगळं करण्याआधी जोडीवर एकूण प्रभार शून्य होता, हे तुम्ही बोट फिरवून पाहिलं होतं. झटक्यात सोडवल्यावर एक धन, दुसरी ऋण. नवीन काही निर्माण झालं नाही, एकीकडचे काही इलेक्ट्रॉन दुसरीकडे राहून गेले. घोंगडी आणि नळीतही तेच होतं. दोन पृष्ठभाग भिडतात, काही इलेक्ट्रॉन जागा बदलतात, आणि वेगळं होताना परत जाऊ शकत नाहीत. घासल्याने फक्त भिडणाऱ्या जागा वाढतात. प्लास्टिकसारख्या दुर्वाहकांमध्ये इलेक्ट्रॉनसोबत आयन (प्रभार असलेले अणू-रेणू) आणि पदार्थाचे अतिसूक्ष्म कणही इकडचे तिकडे जातात, आणि कुठे कशाचा वाटा किती यावर आजही संशोधन चालू आहे.

आकडाही मुलांना सांगण्याजोगा आहे. कूलोम हे प्रभार मोजायचं एकक, त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोकूलोम. नळीवर एक मायक्रोकूलोमचा दहावा भाग एवढा प्रभार जमला तर ते सुमारे ६२ हजार कोटी जादा इलेक्ट्रॉन होतात. तरी नळीच्या वजनात कुठल्याच दुकानाच्या काट्यावर फरक दिसणार नाही.

तिसरा प्रयोग: बरणीचा विद्युतदर्शी

विद्युतदर्शी म्हणजे वस्तूवरचा प्रभार ओळखायचं साधन. तांब्याच्या तारेची दोन्ही टोकं दोन-दोन बोटं सोला, मधलं प्लास्टिकचं आवरण तसंच ठेवा. तेच आपलं दुर्वाहक बूच. बरणीच्या झाकणाला तापवलेल्या खिळ्याने छिद्र पाडा आणि तार अशी बसवा की आवरणाचा भाग छिद्रात येईल. वरच्या टोकाला फॉइलचा गुळगुळीत, लिंबाएवढा गोळा बसवा. अणकुचीदार टोक उघडं ठेवू नका, टोकातून प्रभार हवेत निसटतो. खालच्या टोकाचा आकडा वळवा आणि त्यात फॉइलच्या दोन पट्ट्या अडकवा, प्रत्येकी सुमारे ४ सेंटीमीटर लांब आणि अर्धा सेंटीमीटर रुंद. पट्ट्यांची छिद्रं सैल हवीत, पट्ट्या सहज झुलल्या पाहिजेत. बरणी उन्हात तापवून झाकण लावा. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी तळाशी टाकली तर फारच छान.

घासलेली नळी वरच्या गोळ्याजवळ न्या, टेकवू नका. पट्ट्या फाकतात. नळी दूर नेली की मिटतात. प्रभार आतल्या आत सरकला आणि परत आला, त्याला प्रवर्तन म्हणतात.

पुढचं मात्र क्रमाने करा. नळी गोळ्याजवळ धरा. ती तशीच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लावा, पट्ट्या मिटतील. आता आधी बोट काढा. मग नळी दूर न्या. पट्ट्या पुन्हा फाकतील आणि फाकलेल्या राहतील. क्रम उलटा केलात, म्हणजे नळी आधी नेलीत, तर काहीच उरणार नाही. बोट लागलेलं असताना नळीने ढकललेले इलेक्ट्रॉन बोटातून जमिनीकडे गेले. बोट आधी काढल्यामुळे त्यांची परतीची वाट बंद झाली आणि विद्युतदर्शी धन राहिला. ऋण नळीने, स्पर्श न करता, धन प्रभार दिला.

आता हा विद्युतदर्शी ओळखपरेडीला तयार आहे. संशयित वस्तू हळूहळू जवळ आणा. पट्ट्या आणखी फाकल्या तर वस्तू धन, खात्रीने. मिटू लागल्या तर वस्तू ऋण असेल, पण प्रभार नसलेला नुसता हातही जवळ आणल्यावर पट्ट्या थोड्या मिटतात. म्हणून मिटण्यावर निकाल देऊ नका. वस्तू ऋण वाटली तर विद्युतदर्शीच्या गोळ्यावरून घासलेली नळी टेकवून फिरवा, म्हणजे तो ऋण होईल, आणि त्याच वस्तूने पट्ट्या आणखी फाकतात का ते पाहा.

या टप्प्यावर मुलांना मोकळं सोडा. युरियाचं रिकामं पोतं, ठिबकच्या नळीचा तुकडा, काचेची बाटली, फुगा, वाळलेलं पळसाचं पान, रेशमी पदर, पऱ्हाटीची काडी. एकेक वस्तू घोंगडीने घासा, मग सुती धोतराच्या तुकड्याने, आणि फळ्यावर तक्ता करा. ढोबळ क्रम असा दिसतो: काच, केस, नायलॉन आणि लोकर धन बाजूला, कागद आणि सूत मधोमध, रबर, पॉलिथिन आणि पीव्हीसी ऋण बाजूला. पण पृष्ठभागाची स्वच्छता, ओलावा आणि घासण्याची रीत बदलली की शेजारच्या जागांची अदलाबदल होते. तुमचा तक्ता छापील तक्त्याशी जुळला नाही तर खोडू नका, तारीख आणि हवा कशी होती ते शेजारी लिहा. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली असाच एकेक पदार्थ घासून यादी केली होती.

चौथा प्रयोग: ठिणगीची ताटली

हा मला सगळ्यांत आवडतो. थर्माकोलचा तुकडा टेबलाला चिकटपट्टीने पक्का करा आणि घोंगडीने मिनिटभर चांगला घासा. स्टीलच्या ताटलीच्या मधोमध प्लास्टिकचा ग्लास उपडा ठेवून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीने बसवा, ही मूठ. मुठीने ताटली थर्माकोलवर ठेवा. ताटलीला बोट लावा, बारीक चटका बसेल. बोट काढा. मुठीने ताटली वर उचला आणि कडेजवळ बोटाचं पेर न्या. चट्! अंधाऱ्या खोलीत निळसर ठिणगी दिसते.

ताटली परत ठेवा, बोट लावा, उचला, पुन्हा ठिणगी. थर्माकोल पुन्हा न घासता हे कितीतरी वेळा चालतं. थर्माकोल दुर्वाहक आहे आणि ताटली त्याला मोजक्या ठिकाणी टेकते, म्हणून त्याचा ऋण प्रभार ताटलीत जात नाही, फक्त प्रवर्तनाने तिला धन करतो. मग दर वेळची ऊर्जा येते कुठून, हा प्रश्न मुलं विचारतातच. ती तुमच्या हातातून येते. प्रभारित ताटली थर्माकोलपासून दूर ओढताना त्या आकर्षणाविरुद्ध तुम्ही काम करता. स्वीडनच्या विल्केने हे साधन १७६२ मध्ये केलं आणि व्होल्टाने १७७५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलं.

कोरडी हवा दर सेंटीमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टला फुटते. तुमची ठिणगी ३ मिलिमीटरची असेल तर ताटली साधारण १० हजार व्होल्टवर आहे. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, प्रभार इतका थोडा असतो की चटक्यापलीकडे काही होत नाही. तरी हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी या प्रयोगापासून दूर राहावं. बाटलीला आतून-बाहेरून फॉइल लावून हा प्रभार साठवण्याचा मोह मुलांना होतो, तो करू देऊ नका, त्याचा झटका चांगलाच जोरदार असतो. आणि घरातल्या सॉकेटचा या प्रयोगांशी काही संबंध नाही, हे लहानांना आधीच बजावा.

हेच आजूबाजूला

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कापूस फार कोरडा असला की रुई यंत्राच्या पत्र्याला चिकटते, तंतू एकमेकांपासून फाकून पसरतात. तंतू फाकतात, कारण सगळ्यांवर एकाच प्रकारचा प्रभार असतो. तिथे पाण्याचा बारीक फवारा मारून ओलावा राखतात, म्हणजे आपल्या प्रयोगाचा शत्रू तिथे कामाला येतो.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र सावध राहा. माणसाला जेमतेम जाणवणारी ठिणगीही पेट्रोलच्या वाफेला पेटवायला पुरते. डबा भरायचाच असेल तर तो मान्यताप्राप्त असावा आणि जमिनीवर ठेवून भरावा. गाडीच्या सीटवर किंवा हातात लोंबता धरू नये. पंपावर टँकर रिकामा करण्याआधी त्याला तार जोडतात ती याच कारणासाठी, प्रभार जमिनीत जावा म्हणून.

ढगातही वस्तू भिडतात आणि वेगळ्या होतात. बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांचे जड कण आदळतात. स्फटिक बहुधा धन होऊन वर जातात, जड कण ऋण होऊन खाली राहतात. ढगाची ऋण झालेली खालची बाजू जमिनीवर धन प्रभार ओढते, जसा नळीने गोळ्यावर ओढला होता. पण इथे विजेचा एक झोत ३० हजार अँपिअरच्या घरात असतो, म्हणून ढगाशी प्रयोग नाही, पतंगही नाही.

मृगाच्या आसपास वावरात असताना चमक दिसली की गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा आणि ३ ने भागा, वीज तितके किलोमीटर दूर आहे. गडगडाट ऐकू येतोय याचाच अर्थ तुम्ही टप्प्यात आहात, तेव्हा मोजत उभं राहू नका, काम टाका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. मोहाच्या, आंब्याच्या झाडाखाली आडोसा घेऊ नका. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जा. मोटरपंपाजवळ, तारेच्या कुंपणाजवळ आणि पाण्यात थांबू नका. आडोसा मिळालाच नाही तर पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका, आणि सोबतची माणसं एकमेकांपासून लांब बसवा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं जाईपर्यंत वावरात परतू नका.